इंजिन बदलण्याचं गाव

देशाच्या पार दुसऱ्या टोकाला रुळांच्या कडेला उभं राहिलं, तरी कधी ना कधी भुसावळ समोरून धडधडत जातं. विजेच्या इंजिनाच्या अंगावर त्याच्या मूळ शेडचं नाव रंगवलेलं असतं, आणि भुसावळच्या शेडची इंजिनं मालगाड्या ओढत कुठवर जातील याचा नेम नसतो. त्यामुळे महाराष्ट्रात कधी पाऊल न टाकलेल्या माणसानंही हे नाव वाचलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. गावात मात्र तो उतरलेला नसतो. महाराष्ट्रातल्या प्रवाशाचंही फारसं वेगळं नाही. अपरात्री गाडी थांबते, खिडकीतून चहा येतो, कुणी केळी घेतं, कुणी वेफर्स घेतं, समोरच्या बाकावरचा माणूस डोळे न उघडताच विचारतो, “भुसावळ का?” आणि ‘हो’ म्हणेपर्यंत पुन्हा झोपी जातो.

हजारो लोक रोज ज्या गावातून जातात, त्या गावाबद्दल इतकी कमी माहिती असावी, हे जंक्शनच्या नशिबीच लिहिलेलं असतं. देवस्थानाला भक्त असतात आणि राजधानीला इतिहासकार. जंक्शनकडे फक्त वेळापत्रक असतं. पण मुंबईपासून सुमारे ४४० किलोमीटरवर, तापीच्या दक्षिण काठावर वसलेल्या या शहराची कथा वेळापत्रकात मावणारी नाही. वाफेचं इंजिन एका दमात कुठवर जाऊ शकतं, या निव्वळ तांत्रिक प्रश्नातून हे शहर उभं राहिलं. ते तंत्र बदलत गेलं तसं त्यालाही दर पिढीत पोटापाण्याचं नवं कारण शोधावं लागलं. पुढच्या पानांत जे काही येणार आहे, ते बहुतेक या शोधाभोवतीच फिरतं.

आधी नकाशा पाहू. खानदेशच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या नद्या बंगालच्या उपसागराकडे जातात. तापी उलट्या वाटेनं सुरतेजवळ समुद्र गाठते. तिच्या खोऱ्यात गाळाची काळी जमीन साचली. उत्तरेकडच्या रावेर-यावल पट्ट्यात ती इतकी खोल आणि सुपीक आहे की तिथल्या केळीनं देशभराच्या बाजारपेठा धरल्या. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते. त्याच्या खाली हतनूर धरण आणि आणखी खाली भुसावळ. शहराच्या पश्चिमेला वाघूर नदी लागते. अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी घोड्याच्या नालेसारखं वळण घेणारी वाघोरा ती हीच. लेणी पाहायला जगभरातून येणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की त्या ओढ्याचं पाणी खाली खानदेशात उतरून तापीला मिळतं.

या खोऱ्याच्या ईशान्येला सातपुड्यात एक खिंडार आहे. बऱ्हाणपूर आणि असीरगडाजवळ डोंगर वाट देतात, आणि उत्तर हिंदुस्थानातून दख्खनेत उतरायला ही वाट शतकानुशतकं वापरात होती. म्हणून तर फारुकी सुलतानांनी बऱ्हाणपूर वसवलं, अकबरानं १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि पुढे मोगलांचा दख्खनचा कारभार बराच काळ बऱ्हाणपुरातून चालला. मुमताजमहल १६३१ मध्ये वारली ती याच शहरात. सैन्य, व्यापारी, बैलांचे तांडे, सगळ्यांची वाट हीच. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आखणाऱ्यांनीही डोंगरापुढे फार हुशारी दाखवली नाही. जुनी वाट होती, तिथूनच रूळ नेले. फरक इतकाच की बैल आणि घोडे जिथे विसावत तिथे बऱ्हाणपूर झालं होतं. इंजिनाची विसाव्याची जागा वेगळी ठरली, आणि एका लहानशा गावाचं भुसावळ जंक्शन झालं.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जुन्या माणसांची ‘जीआयपी’, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पोचली, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्यानंतर ती जवळजवळ दशकभर सह्याद्रीच्या पायथ्याशी कशी अडकून पडली, याची कहाणी कमी सांगितली जाते. कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारा थळ घाट १८६५ मध्ये खुला झाला. ३७ फुटांना एक फूट असा त्याचा चढ. आजही गाडीला तिथे मागून जादा इंजिनं लावावी लागतात. घाट सुटला आणि पुढे सपाट खानदेश मोकळा मिळाला. १८६०च्या दशकाच्या मध्यावर रूळ भुसावळला आले. तिथून त्यांना दोन फाटे फुटले. एक बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. दुसरा तापी ओलांडून बऱ्हाणपूर, खंडवा, इटारसी असा जात १८७० मध्ये जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेला भिडला. त्या वर्षापासून मुंबई आणि कलकत्ता रुळांनी जोडली गेली, आणि त्या सगळ्या वाहतुकीच्या वाटेत भुसावळ आलं.

या घाईमागे कापूस होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-खानदेशच्या काळ्या मातीवर गेली. नागपूरकडे जाणारा फाटा प्रवाशांच्या सोयीसाठी टाकला, असं समजण्याचं कारण नाही. अमरावती, अकोला, खामगाव इथल्या कापसाच्या गाठी मुंबई बंदरात पोचवणं हे त्याचं पहिलं काम. अर्थात रूळ पुरते पडेपर्यंत युद्ध संपलं आणि भाव कोसळले, ही गोष्ट निराळी.

मग वस्ती नेमकी भुसावळलाच का वाढली? वाफेच्या इंजिनाला दोन गोष्टी सतत लागतात, कोळसा आणि पाणी. पाणी तापीत होतं. इंजिनाची भट्टी ठरावीक अंतरानंतर झाडावी लागते, राख काढावी लागते, सांधे तेलपाण्यानं भिजवावे लागतात. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड यांनाही कुठेतरी उतरून झोपावं लागतं. मुंबईहून निघालेली गाडी घाट चढून, नाशिक-मनमाड-चाळीसगाव-जळगाव करत इथे येईतो इंजिन आणि माणूस दोघांचंही बळ सरत आलेलं असे. त्यात इथूनच मार्ग फुटतो, म्हणजे डबे तोडायचे, जोडायचे, नागपूरचे इकडे आणि जबलपूरचे तिकडे लावायचे. एका जागी शेड, यार्ड, कारखाना आणि रनिंग रूम लागणारच होती. ही सगळी गरज भुसावळनं भागवली. १९०१च्या जनगणनेत इथली वस्ती १६ हजारांच्या आसपास गेली होती, आणि त्यातला मोठा भाग रेल्वेचा पगार खाणारा होता. जिल्ह्याचं ठाणं मात्र आधी धुळ्याला राहिलं. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग झाले तेव्हा पूर्व खानदेशचं मुख्यालय जळगावला गेलं. भुसावळच्या वाट्याला कलेक्टर आलाच नाही. त्याच्या जागी रेल्वेचा साहेब आला, आणि गावातल्या बऱ्याच लोकांच्या लेखी तो कलेक्टरहून मोठा होता.

रेल्वेनं माणसंही लांबलांबची आणली. सुरुवातीला मेल गाड्यांचे ड्रायव्हर गोरे किंवा अँग्लो-इंडियन असत, हाताखाली देशी फायरमन आणि खलाशी. ऑफिसात पारशी आणि गोव्याचे ख्रिस्ती, हिशेबाला मद्रासी बाबू, पुढे बंगाली, पंजाबी, उत्तर प्रदेश-बिहारची माणसं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. आजूबाजूच्या खेड्यांतले लेवा पाटीदार, कोळी, मराठा, महार, मुसलमान हे सगळे या गर्दीत येऊन मिसळले. शेजारच्या तालुक्यांत लेवा बोली, तावडी आणि अहिराणी यांची सरमिसळ असते. भुसावळच्या बाजारात ती थेट हिंदीत शिरते आणि कुठे मराठी संपून हिंदी सुरू झाली हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही. पुण्याच्या कानाला हे खटकतं. भुसावळकराला त्याचं सोयरसुतक नाही, कारण इथे भाषेची शुद्धता पाहायला कुणाला सवड नव्हती. पॉइंट्समनला ड्रायव्हरचं म्हणणं पटकन समजलं म्हणजे झालं.

ज्याची बदली झाली तो गेला, निवृत्त झाला तो मात्र बऱ्याचदा राहिला. आयुष्यभर क्वार्टरमध्ये काढलेल्या माणसाला आपलं मूळ गाव तोवर परकं झालेलं असे. मग जामनेर रोडला किंवा यावल रोडला एखादा प्लॉट घेऊन तो भुसावळकर होई. शहराचे कितीतरी नवे भाग फंड आणि ग्रॅच्युइटीच्या पैशांतून उभे आहेत.

एकाच नावाखाली इथे दोन गावं नांदत आली. एक नगरपालिकेचं, दुसरं रेल्वेचं. नगरपालिका १८८२ची. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठरावही त्याच वर्षीचा, तेव्हा भुसावळचं नागरी वय आणि देशातल्या स्थानिक स्वराज्याचं वय जवळपास सारखंच आहे. पण गावाच्या मधोमध जी मोठी जमीन पसरली होती, तिच्यावर या पालिकेचं फारसं चालत नसे. तिथे रेल्वेचं स्वतःचं दिवाबत्तीचं खातं, स्वतःचं पाणी, स्वतःचं हॉस्पिटल, शाळा, क्लब, मैदान आणि स्वतःचे पोलीस. पंधरा बंगला, लिंपस क्लब, पीओएच कॉलनी, आगवाली चाळ, हद्दीवाली चाळ ही नावं नुसती वाचली तरी या गावाची उतरंड कळते. वर साहेबांचे बंगले, झाडांच्या सावलीत, ऐसपैस. खाली चाळी, एका खोलीला लागून दुसरी. क्वार्टर कोणत्या टाइपचं, यावरून माणसाचा ग्रेड ओळखायचा आणि ग्रेडवरून लग्नाच्या बाजारातली किंमत. भुसावळ परिसरात ‘मुलगा रेल्वेत आहे’ या तीन शब्दांना जे वजन होतं, ते पदवीला कधी आलं नाही.

या गावाचा दिवस सूर्यावर चालत नसे. कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा रस्त्यावर येई. रनिंग स्टाफचं तर तेवढंही ठरलेलं नाही. रात्री दोनला दारावर थाप पडे, कॉलबॉय वही पुढे करी, झोपेतला ड्रायव्हर सही करून डबा-कंदील उचली आणि घरातली बाई स्टोव्ह पेटवी. बाप गाडीवरून येऊन दिवसा झोपलाय म्हणून पोरांनी आवाज न करता खेळायचं, हा नियम किती घरांत होता ते क्वार्टरमध्ये वाढलेल्या कुणालाही विचारावं. आज निरोप मोबाइलवर येतो आणि गार्डला २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. अवेळीची झोप तीच आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या छपराखाली दिवसा झोपणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

ही उतरंड केवळ पगाराची नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत जे भाषण केलं, ते या लोहमार्गाच्या सामाजिक इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं भाषण मानायला हवं. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही त्यांची मांडणी पुष्कळांना ठाऊक असते. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतला एक बारीक तपशील सांगितला होता. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो आणि सवर्ण मास्तराच्या घरात अस्पृश्य चालत नाही. मनमाड ते भुसावळ हा याच मार्गाचा तुकडा. बाबासाहेबांच्या समोर बसलेले कामगार या रुळांवर हातोडा मारणारे होते. भुसावळमधल्या आंबेडकरी चळवळीचं बळ जुन्या चाळींतून का उगवलं, ते समजून घ्यायचं तर या भाषणापाशी यावं लागतं. विधानसभेचा भुसावळ मतदारसंघ आज अनुसूचित जातींसाठी राखीव आहे.

संपाचीही इथे जुनी सवय. १९३०च्या फेब्रुवारीत जीआयपीच्या कामगारांनी मोठा संप केला. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभरची रेल्वे थांबली आणि तीन आठवड्यांच्या आत संप मोडला गेला. रेल्वे वसाहतींत तो संप वर्तमानपत्रातून आला नाही. तो घराच्या उंबऱ्यावर आला. धरपकड, बडतर्फी, क्वार्टर रिकामं करण्याची धमकी, कामावर जाणारा आणि न जाणारा यांच्यातलं वैर, हे सगळं एका चाळीत, एका नळावर. अशा गावात ज्याची नोकरी जाते त्याचं घरही जातं, हे रेल्वेच्या गावाचं एक कठोर वैशिष्ट्य आहे.

स्वातंत्र्यलढ्यानं भुसावळचा उपयोग केला तो जंक्शन म्हणूनच. सप्टेंबर १९२९ मध्ये भगवानदास माहौर आणि सदाशिवराव मलकापूरकर हे चंद्रशेखर आझादांचे साथीदार बॉम्ब आणि शस्त्रं घेऊन गाडीनं निघाले होते, ते भुसावळ स्टेशनवर तपासणीत पकडले गेले. पुढे जळगावच्या कोर्टात खटला सुरू असताना, फेब्रुवारी १९३० मध्ये, माहौर यांनी कोर्टाच्या आवारात माफीच्या साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या. लाहोर कटाच्या इतिहासात ‘भुसावळ बॉम्ब खटला’ म्हणून हा अध्याय नोंदला आहे. गावातल्या नव्या पिढीला तो माहीत नसतो, याचं आश्चर्य वाटावं की वाईट, हे ज्यानं त्यानं ठरवावं. त्यानंतर सात वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, तापीपलीकडच्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि बांबू-तट्ट्यांच्या नगरीची मांडणी नंदलाल बोस यांची. माणसं देशभरातून आली ती अर्थात रेल्वेनं, आणि पुढे बैलगाडीनं.

फैजपूरच्या त्याच पट्ट्यात केळी पिकते, आणि भुसावळच्या इतिहासात कापसानंतरचा मान तिचाच. सावदा, निंभोरा, रावेर ही स्टेशनं प्रवाशाच्या लक्षातही राहणार नाहीत इतकी लहान, पण केळी भरण्याच्या हंगामात त्यांचा फलाट पाहण्यासारखा असतो. घड पहाटे कापायचे, दुपारपर्यंत स्टेशनला आणायचे, वॅगनमध्ये लावायचे आणि दिल्लीला पोचेपर्यंत ते पिकू नयेत म्हणून देवाला हात जोडायचे. केळी थांबत नाही. एखाद्या यार्डात रॅक दोन दिवस रखडली, तर शेतकऱ्याच्या हाती काळा चिखल येतो. फ्रूट सेल सोसायट्यांनी वर्षानुवर्षं रेल्वेशी वॅगनसाठी भांडणं केली. मधल्या काळात बराच माल ट्रकांनी उचलला. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातली पहिली किसान रेल्वे देवळालीहून दानापूरला निघाली तेव्हा तिच्या थांब्यांत भुसावळ होतं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकनापेक्षा वॅगन वेळेवर मिळणं महत्त्वाचं, असं म्हणणारा शेतकरी अजून सापडतो, आणि त्याचं चुकत नाही.

स्वातंत्र्यानंतर या शहराभोवती सरकारनं आणखी तीन मोठी कामं आणून बसवली. १९४९ मध्ये भुसावळची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि १९६४ मध्ये वरणगावची. एकीत दारूगोळ्याच्या पेट्या आणि डबे बनू लागले, दुसरीत बंदुकीच्या गोळ्या. ऑक्टोबर २०२१ पासून या दोन्ही वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांकडे गेल्या आहेत, पण गावात त्यांना अजून ‘फॅक्टरी’च म्हणतात. तिसरं दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र. पहिला संच १९६८चा, अवघ्या ६२.५ मेगावॉटचा. पुढे २१० मेगावॉटचे दोन, मग ५०० मेगावॉटचे दोन आणि त्यानंतर ६६० मेगावॉटचा नवा संच. कोळसा रेल्वेनं येतो, पाणी तापीचं, वीज राज्याला जाते आणि राख इथे राहते. वेल्हाळे शिवारातला राखेचा बंधारा, ती राख वाहणारे ट्रक आणि त्यांच्या मागे उडणारा करडा लोट, यावर स्थानिक राजकारणाचा एक स्वतंत्र ग्रंथ होईल.

पाण्याचं तर विचारूच नये. तापीच्या काठावरचं शहर, वर हतनूरचं ४१ दरवाजांचं धरण, पावसाळ्यात ते दरवाजे उघडले की नदी दुथडी भरून वाहते. तरीही शहराच्या कितीतरी भागांत नळाला पाणी दिवसचे दिवस येत नाही आणि टाक्या, ड्रम, बोअर यांवर संसार चालतो. रेल्वेनं आपल्यापुरती पाण्याची सोय पूर्वीच लावून ठेवली होती, कारण इंजिन तहानलेलं राहिलं तर गाडी उभी राहते. माणसांसाठी तेवढी तातडी कुणाला वाटली नाही. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १ लाख ८७ हजार ४२१ होती. तेवढ्या वस्तीची नगरपालिका चालवायची, पण शहरातला भला मोठा भूभाग रेल्वेच्या ताब्यात, तिथला विकास रेल्वेच्या मर्जीवर, आणि अतिक्रमण काढायची वेळ आली की दोन्ही यंत्रणा एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळ्या. काही वर्षांपूर्वी रेल्वेनं आपल्या जमिनीवरच्या जुन्या चाळी आणि झोपड्या हटवल्या तेव्हा हजारो माणसं एका झटक्यात बेघर झाली. त्यांतल्या अनेकांच्या आज्या-पणज्यांनी याच रेल्वेत खलाशीपण किंवा सफाईचं काम केलं होतं. रेल्वेला त्यांची जमीन हवी होती. पालिकेच्या नकाशावर ती माणसं कधी नीट आलीच नव्हती.

वाफेचं इंजिन गेलं, तेव्हा हे गाव ओस पडेल असं म्हणणारे होते. तसं झालं नाही, आणि हा या शहराच्या इतिहासातला सर्वांत कमी सांगितला गेलेला पराक्रम आहे. पाणी भरण्यासाठी थांबणं संपलं, पण विजेची इंजिनं आली तशी त्यांना सांभाळणारी मोठी शेड इथे झाली. ठरावीक मुदतीनंतर इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करण्याचा कारखाना झाला. ‘पीओएच’ हे त्या कामाचं इंग्रजी आद्याक्षरांतलं नाव आता एका वसाहतीचं नाव आहे, आणि रिक्षावाल्याला त्याचा अर्थ ठाऊक असण्याची गरज उरलेली नाही. शेकडो नव्या रेल्वे कर्मचाऱ्यांना शिकवणारी क्षेत्रीय प्रशिक्षण संस्था इथे आहे. कुठल्या तरी परीक्षेत पास झालेली बिहारची, विदर्भाची, कोकणची पोरं काही आठवडे भुसावळच्या उन्हात सिग्नलचे नियम पाठ करतात, आणि त्यांच्या निमित्तानं गावातल्या खानावळी चालतात. बाहेरच्या पोरांना पहिल्या दिवशी शेवभाजी तिखट लागते. आठवड्यानं ती तीच मागतात. भरीत आणि कळण्याची भाकरी त्यांच्या गळी उतरायला मात्र हिवाळा यावा लागतो.

५ नोव्हेंबर १९५१ रोजी जीआयपीचं मध्य रेल्वेत रूपांतर झालं. भुसावळ तिच्या पाच विभागांपैकी एकाचं मुख्यालय आहे. एका टोकाला इगतपुरी-देवळाली, दुसऱ्याला बडनेरा-अमरावती आणि खंडव्याची दिशा. मुख्य मार्गाच्या वैभवात त्याच्या बारक्या फांद्या विसरल्या जातात. पाचोरा-जामनेरची ‘पीजे’ नावाची अरुंद रुळांची गाडी आणि मूर्तिजापूरहून यवतमाळ-अचलपूरला जाणारी शकुंतला, या दोन्हींच्या आठवणींवर लोक भरभरून लिहितात, बोलतात. पण त्या गाड्या धावत होत्या तेव्हा तिकीट काढून बसणारे किती होते, हेही एकदा कुणीतरी तपासायला हवं.

आताचा प्रश्न वेगळा आहे. जळगाव-भुसावळ दरम्यान तिसरी आणि चौथी मार्गिका पडली, मालगाड्या लांब झाल्या, इंजिनं शेकडो किलोमीटर न थकता जातात. वंदे भारतसारख्या गाडीला वेगळं इंजिनच नसतं, मग ते बदलायचं कुठून? डबे तोडून-जोडून मालगाडी बनवण्याची जुनी पद्धतही मागे पडत चालली. मालाची अख्खी रॅक एका ठिकाणी भरते आणि दुसऱ्या ठिकाणी रिकामी होते, यार्डात तिचं फारसं काम उरत नाही. पूर्वी पन्नास माणसं ज्या सांध्यावर राबत, तिथे आज पडद्यापुढे दोन माणसं बसतात. रेल्वेत नवी भरती कमी आणि कंत्राटी कामगार जास्त, हा देशभरचा अनुभव भुसावळच्या घराघरांत ठळक दिसतो. आजोबा फायरमन, वडील लोको पायलट आणि नातू पुण्याच्या चाकणला एखाद्या कारखान्यात, ही आता नेहमीची वंशावळ झाली आहे.

आणि हा नातू गावाला येतो कसा, हाही एक प्रश्नच. मुंबईहून प्रत्येक स्टेशनवर थांबत येणारी भुसावळ पॅसेंजर २०२०च्या टाळेबंदीत बंद पडली, ती जुन्या रूपात परतली नाही. तिच्या डब्यांत दूधवाले होते, भाजीवाल्या होत्या, नाशिकला कोर्टकचेरीला जाणारे होते, मनमाडला बदलून शिर्डीला जाणारे होते. मेमू आली, काही गाड्यांचे थांबे वाढले, काहींचे गेले. चाळीसगाव, पाचोरा, नांदगावच्या प्रवासी संघटना तेव्हापासून निवेदनं देत आहेत. ती निवेदनं ज्या डीआरएमच्या, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकाच्या, कार्यालयात पोचतात, ते भुसावळला आहे. त्यांवरचा निर्णय मुंबईत किंवा दिल्लीत होतो.